सही नको म्हणाली तर?

सुट्ट्या लागल्या की पुस्तकांच्या दुकानांतून मुलांचे कार्यक्रम सुरू होतात, त्यामुळे यावेळची बहुतेक पत्रं लेखकांना भेटण्याबद्दलचीच आहेत. काही चार-चार पानी होती, ती कापलीयत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाच वर्षांची, सीनियर केजीत आहे. आमच्या घराजवळच्या पुस्तकाच्या दुकानात येत्या रविवारी तिच्या सगळ्यात लाडक्या चित्रपुस्तकाच्या लेखिका येणारेत, चित्रंही त्यांचीच आहेत. ते पुस्तक आम्ही रोज रात्री वाचतो, मी झोपेच्या भरात एक शब्द गाळला तरी पकडते. पण बाहेरच्या माणसांपुढे तोंडाला कुलूप. नवरा म्हणतो दोन-तीन चांगले प्रश्न आत्ताच पाठ करून घे, नाहीतर नुसती उभी राहील. आणि पुस्तकाची अवस्था तर विचारू नका, पिना निघाल्यात, सेलोटेप लावलीय, मधल्या पानावर वरणाचा डाग आहे. असलं पुस्तक सहीला पुढे करायची लाज वाटते, नवीन घेऊ का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : आधी नवऱ्याचं निकालात काढू. प्रश्न पाठ करून घेऊ नका. "तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली" हे वाक्य पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडून आलं की समोरच्या लेखिकेला त्याच क्षणी कळतं की मागे आई उभी आहे, मग त्या उत्तर आईला देतात, आणि पोरगी दोन मोठ्या माणसांच्या मधे लोंबकळत राहते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसूही येत नाही.

खरं म्हणजे या वयाच्या मुलाला पुस्तक कुणीतरी केलेलं असतं हेच धड माहीत नसतं. दूध जसं पिशवीतून येतं तसं पुस्तक कपाटातून येतं. लेखिका भेटणार म्हणजे नक्की काय होणार हे तुम्हाला कळतंय, तिला नाही कळत. तेव्हा रविवारच्या आधी एवढंच करा, पुस्तक वाचून झालं की पहिल्या पानावरचं नाव दाखवा, सांगा की ही मांजर या बाईंनी हाताने काढलीय, त्यांच्याकडेही रंग आहेत, खोडरबर आहे. बास. आणि मग तिला विचारा की या चित्रांत तुला काय दिसतं जे मला दिसत नाही. आपण मोठी माणसं चित्रपुस्तक वाचताना अक्षरांवरून धावत असतो, मुलं त्या वेळात चित्र वाचत बसलेली असतात. लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरेंचं तर 'चित्रवाचन' नावाचं आख्खं पुस्तक आहे, चित्र कसं बघायचं त्याबद्दल, मिळालं तर तुम्ही दोघं जरूर बघा, मुलीला त्याची गरज कमी आहे. तर तिनं जे काही दाखवलं तोच तिचा प्रश्न. तो लिहून घेऊ नका, घोटून घेऊ नका, नुसता लक्षात ठेवा.

आमच्या वाचनकट्ट्यावर एकदा एक चित्रकार-लेखिका आल्या होत्या तेव्हा एक मुलगा, सहा वर्षांचा असेल, पुस्तक उघडून त्यांच्या मांडीवर आदळला आणि म्हणाला, आजोबांच्या चष्म्याला इथे दोरी आहे, इथे नाहीये, दोरी कुठे गेली? बाईंनी पान मागे केलं, पुढे केलं, परत मागे केलं. मग म्हणाल्या, "अरे खरंच की, राहिलीच माझी!" आणि पर्समधून पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली, घे, तू काढ. त्यानं जीभ बाहेर काढून, पुस्तक नाकाला लावून दोरी काढली, ती आजोबांच्या कानातून निघून थेट खिडकीपर्यंत गेली. त्याचे वडील मागून "अरे अरे पुस्तकावर काय" करत होते तोपर्यंत झालंसुद्धा. त्या पोराला त्या दिवशी जे कळलं ना, की चित्र कुणीतरी काढतं आणि काढताना राहूनही जातं, ते दहा भाषणांनी कळलं नसतं.

आता सहीचं. मॉरिस सेंडाक हे अमेरिकेतले फार मोठे चित्रपुस्तककार, १९६३ साली आलेलं त्यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' अजून जगभर वाचलं जातं. ते मुलाखतीत एक किस्सा सांगायचे. दुकानात सह्यांची रांग लागलेली, एका मुलाला बापानं पुढे ढकललं, हेच ते काका ज्यांचं पुस्तक तुला आवडतं, दे त्यांना. मुलानं पुस्तक छातीशी आणखी घट्ट धरलं आणि ओरडला की माझं पुस्तक घाण करू नका. बापाची पंचाईत, बाकीच्यांना हसू, पण सेंडाकना मुलाचंच पटलं. बरोबरच आहे की, जन्मल्यापासून त्याला सांगितलंय पुस्तकावर रेघोट्या मारायच्या नाहीत, आणि आज सगळे मिळून एका अनोळखी दाढीवाल्या माणसाला त्याच्याच पुस्तकावर पेन चालवायला देतायत! यांचाच दुसरा किस्सा आहे, एका मुलाला त्यांनी पत्राला उत्तर म्हणून कार्डावर स्वतः चित्र काढून पाठवलं, तर आईचं पत्र आलं की त्याला कार्ड इतकं आवडलं की त्यानं ते खाल्लं. सेंडाक म्हणायचे, मला मिळालेल्या सगळ्यात मोठ्या दादींपैकी ही एक.

तेव्हा तिनं सही नको म्हटलं तर नको. ती काही न बोलता टक लावून बघत उभी राहिली तरी चालेल, फक्त तुम्ही "घरी तर किती बोलतेस, आता काय झालं" हे वाक्य गिळून टाका. "ते पान म्हणून दाखव ना मावशींना" हेही. लेखिका काही परीक्षेला आलेल्या नाहीत.

आणि पुस्तक जुनंच न्या, वरणासकट. लेखकाला कोऱ्या करकरीत पुस्तकाचं काय कौतुक, ती त्यांनी प्रकाशकाकडे ढिगानं बघितलेली असतात.

प्रश्न : सह्या नक्की कुठल्या पानावर घ्यायच्या? आणि बहिणीच्या, नणंदेच्या मुलांसाठीही घेऊन ठेवल्या तर वाईट दिसेल का? घरची जुनी पुस्तकं दुकानात नेली तर दुकानदार काही म्हणतो का?
— नाव नको, नाशिक

उत्तर : ज्या पानावर पुस्तकाचं नाव परत छापलेलं असतं त्या आतल्या पानावर घ्या. कव्हरच्या आतल्या बाजूला शक्यतो नको, कारण तो कागद चकचकीत असतो आणि त्याच्यावर जेल पेनची शाई वाळतच नाही, तुम्ही खुशीत पुस्तक मिटता आणि घरी जाऊन बघता तर समोरच्या पानावर उलटी सही उमटलेली असते. साधं बॉलपेन किंवा सीडीवर लिहायचं बारीक मार्कर न्या, आणि मिटायच्या आधी जरा फुंकर मारा. नाव चिठ्ठीवर लिहून पुढे करा, हल्ली एकाच वर्गात एकाच नावाची चार स्पेलिंगं असतात, त्या बिचाऱ्या तरी काय करतील.

बाकी भाचरांच्या सह्या जरूर घ्या पण रांग संपल्यावर परत या, तुमच्या मागे एखादं तीन वर्षांचं पोर झोपेला आलेलं असतं. जुनी पुस्तकं नेली तर कुणी काही म्हणत नाही, पण दुकानदारानं खुर्च्या मांडल्यात, चहा सांगितलाय, पंखे चालू ठेवलेत, तर एखादं तरी पुस्तक तिथून घेऊन निघावं असं मला वाटतं. तिथे बसून फोनवर ऑनलाइन किंमत बघणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते मनात बोलते.

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. त्यानं भर कार्यक्रमात लेखकाला सांगितलं की तुमच्या गोष्टीचा शेवट बोअर आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते हसले खरे, पण माफीचा मेल पाठवावा का?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : कशाला? त्याच्याऐवजी मुलाला विचारा की मग शेवट काय पाहिजे होता, आणि जे सांगेल ते त्याच्या नावानं मेल करा, ते वाचायला त्यांना जास्त आवडेल.

पुस्तकं अशीच होतात हो. अमेरिकन चित्रपुस्तककार एरिक कार्ल यांचं ते भोकं पाडलेल्या पानांचं सुरवंटाचं पुस्तक, 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', १९६९ चं, तुमच्या घरात असेलच. ते एकदा पंचिंग मशीननं कागदांना भोकं पाडत बसले होते, त्यावरून त्यांना पुस्तकातला किडा सुचला, विली नावाचा. त्यांच्या संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांना किडा काही आवडला नाही, सुरवंट घेऊ या का म्हणाल्या, आणि कार्लना एकदम फुलपाखरू दिसलं. म्हणजे कुणीतरी वेळेवर "हे नको" म्हणालं म्हणून तो शेवट आला. तुमचा मुलगा पुस्तक छापून झाल्यावर म्हणाला एवढाच फरक. पुढच्या वेळी जरा लवकर पाठवा त्याला.

प्रश्न : आमच्याकडे दुकानात कार्यक्रम झाला त्याला फक्त लेखक आले होते. मुलगी सारखी विचारत होती चित्रवाले काका कुठेत. दुकानात विचारलं तर त्यांना चित्रकाराचं नावही सांगता आलं नाही, बॅनरवर तर नव्हतंच. हे असं का असतं?
— एक आजी, मिरज

उत्तर : आजी, तुमच्या नातीनं मुद्द्याला हात घातलाय. आपल्याकडे चित्रकार म्हणजे मुखपृष्ठ आणि आतली चित्रं करून देणारा माणूस, त्याचं नाव बारीक टाइपात, किमतीच्या आणि मुद्रकाच्या ओळींमधे. कथासंग्रहाला ठीक आहे एक वेळ, पण चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रात असते, कधी अर्ध्याहून जास्त, आणि अजून वाचता न येणाऱ्या मुलाला तर सगळीच. तिच्या लेखी ते पुस्तक चित्रवाल्या काकांचंच आहे, आणि त्यात काही चूक नाही.

माधुरी पुरंदरेंसारखे लोक लिहितातही आणि काढतातही, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आहेत त्या, तिथे हा प्रश्नच येत नाही. 'राधाचं घर' वाचणारी मुलं एकाच माणसाला भेटून मोकळी होतात. पण जिथे दोघं वेगळी आहेत तिथे दोघांना बोलवायला काय हरकत आहे? इंग्रजीत 'ग्रफेलो' नावाच्या प्राण्याचं पुस्तक आहे, १९९९ चं, लिहिलंय ज्युलिया डोनाल्डसन यांनी आणि चित्रं अ‍ॅक्सल शेफलर यांची. कव्हरवर दोघांची नावं. शेफलर यांनी पहिल्यांदा तो प्राणी इतका भयंकर काढला होता की लहान मुलं घाबरतील म्हणून संपादकांनी जरा नरम करायला लावला. आता मला सांगा, तो आधी कसा होता हे लेखिका सांगू शकतील फार तर, पण कागदावर काढून कोण दाखवणार?

मला विचाराल तर मुलांच्या कार्यक्रमाला एकच जण बोलवायचा असेल तर चित्रकार बोलवा. लेखक बोलतो, चित्रकार समोर बसून काढतो. चाळीस पोरं शांत बसवायची ताकद खडूच्या एका रेघेत असते, माईकमधे नसते. पुढच्या वेळी दुकानात गेलात की नातीला सांगा हाच प्रश्न काउंटरवर मोठ्यानं विचारायला, दोन-चार नातींनी विचारला की बॅनरवर नाव येईल.

प्रश्न : माझं तालुक्याच्या गावी वह्या, गाईड, कंपासचं दुकान आहे. गोष्टीच्या पुस्तकांना एकच कप्पा, पण शाळेतल्या मॅडम मुलांना घेऊन येतात आणि मुलं तासतास बघत बसतात. एखादा चित्रपुस्तकाचा लेखक बोलवावा असं फार मनात आहे. हॉल, स्टेज, शाल-श्रीफळ असा सगळा खर्च झेपेल का कळत नाही. आणि पुस्तकं आणून ठेवली आणि खपली नाहीत तर?
— एक दुकानदार, सांगली जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. हॉल नको, स्टेज नको, दीपप्रज्वलन तर अजिबात नको, कारण समईची वात पेटेपर्यंत आणि अध्यक्षांचं मनोगत होईपर्यंत पहिल्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर चढलेली असतात. दुकानात वह्यांचे गठ्ठे बाजूला करून सतरंजी टाका आणि पाहुण्यांना एक बुटकं स्टूल द्या. मुलं वीस-पंचवीसच बोलवा, त्याच्यावर गेली की मागच्यांना पान दिसत नाही, आणि चित्र दिसलं नाही तर मग काय राहिलं. जास्त नावं आली तर दोन बॅचेस करा. वेळ सकाळी साडेदहा-अकराची ठेवा, दुपारी लहान मुलं झोपाळतात आणि संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही. पाऊण तास पुष्कळ, त्यात वाचन वीस मिनिटं, उरलेला वेळ चित्र काढायला नाहीतर नुसतं बडबडायला. कोरे कागद आणि खडू तर तुमच्या दुकानातच आहेत!

पुस्तकं जाकडावर मागवा. प्रकाशकाशी सरळ बोला, अमक्या तारखेला लेखक येतायत, एवढ्या प्रती पाठवा, उरतील त्या परत करीन. बरेच जण अशा कार्यक्रमासाठी तयार होतात. फक्त परत पाठवायच्या प्रती पोरांच्या हातात देऊ नका, बघायला एक-दोन प्रती वेगळ्या काढा, त्या फाटणारच आहेत असं धरून चाला.

खर्चाचं म्हणाल तर शाल-श्रीफळाचे पैसे वाचवा आणि प्रवासखर्च आणि मानधन पाकिटात घालून द्या. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना लोक बिनदिक्कत फुकट बोलवतात, "मुलांसाठीच तर आहे" म्हणून, आणि कीर्तनकाराला, ऑर्केस्ट्राला बरोबर मोजून देतात. जमणार नसेल तर आधीच तसं सांगा, पुष्कळ जण आनंदानं येतील, पण गृहीत धरू नका. आणि पुण्या-मुंबईचंच माणूस पाहिजे असंही नाही, तुमच्याच जिल्ह्यात मुलांसाठी लिहिणारे, चित्रं काढणारे शिक्षक नक्की सापडतील, मॅडमना विचारा.

एकदा मोठ्ठा कार्यक्रम करून दमण्यापेक्षा लहानसं पण ठरलेलं काहीतरी करा. मसुरीत मॉल रोडवर केंब्रिज बुक डेपो म्हणून दुकान आहे, तिथे इंग्रजीत मुलांसाठी लिहिणारे रस्किन बाँड वर्षानुवर्षं शनिवारी दुपारी येऊन बसायचे, मुलं यायची, दोन शब्द बोलायची, सही घेऊन जायची. ना बॅनर ना हार. लोकांना फक्त वार माहीत होता. तुमच्याकडे रस्किन बाँड येणार नाहीत पण महिन्यातला एक रविवार अकरा वाजता सतरंजी पडते हे गावाला कळलं, मग त्या दिवशी लेखक असो, मॅडम असो की एखादी आजी असो, तर तो कप्पा एकाचे दोन व्हायला वेळ लागणार नाही.

प्रश्न : आमच्या गावात पुस्तकांचं दुकानच नाही, लेखक कुठून येणार? मुलगा आठ वर्षांचा आहे, शाळेतल्या पेटीतलं एक चित्रपुस्तक त्याला फार आवडलंय. लिहिणाऱ्यांना भेटायचं म्हणून हट्ट धरून बसलाय.
— एक आई, किनवट तालुका

उत्तर : त्याला पत्र लिहू दे. पुस्तकाच्या पहिल्या नाहीतर शेवटच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो, त्या पत्त्यावर "लेखकांना द्यावे" असं लिहून पाठवायचं, पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. शुद्धलेखन तुम्ही तपासू नका, आणि "आपले पुस्तक फार आवडले" एवढ्यावर थांबू देऊ नका, नक्की कुठलं चित्र आवडलं, कुठलं नाही, कशाचं हसू आलं ते त्याला लिहू दे. उत्तर येईलच असं सांगू नका, पण अशी पत्रं लेखक जपून ठेवतात, मला काही घरांतल्या फायली माहीत आहेत.

तोपर्यंत वाचायला हवंच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकंही फुकट आहेत, मोबाइलवर उघडतात. डिसेंबरात कधी पुण्याकडे येणं झालं तर फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुस्तक महोत्सव भरतो, तिथे मुलांचा वेगळा भाग असतो आणि लेखक चालता-बोलता भेटतात. पाचगणीजवळ भिलार आहे, पुस्तकांचं गाव, बऱ्याच घरांत पुस्तकं ठेवलीयत, त्यातल्या कुठल्याही घरात जाऊन वाचत बसायचं, पण किनवटहून ते फार लांब पडेल हे मलाही कळतं. म्हणून पत्राचंच आधी बघा.

एक लक्षात ठेवा, मुलं पोस्टकार्डावर चित्र काढायला लागली की थांबत नाहीत, तेव्हा पत्ता आणि पिनकोड आधी तुम्ही लिहून टाका आणि मगच कार्ड त्याच्या हातात द्या.